उसळी जिरते कुठे?

ओझरच्या धावपट्टीवर सुखोई-३० उतरताना पाहणे नाशिककरांना नवे नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या इथल्या कारखान्यात १९६० च्या दशकात मिग-२१ ची जुळणी सुरू झाली. २००४ पासून सुखोई येथून बाहेर पडू लागले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए चे पहिले उड्डाणही याच धावपट्टीवरून झाले. सुखोई रिकामे असतानाच अठरा टनांच्या वर भरते. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने ते जमिनीला टेकते, चाकांमागे धुराची एक रेघ उमटते, विमान किंचित खाली बसते आणि बसलेलेच राहते.

हातभर उंचीवरून टाकलेला रबरी चेंडू चार टप्पे घेतो. मग अठरा टनांचे विमान टप्पा का घेत नाही?

त्याच वेळी बाहेर मुंबई–आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर एखादी जुनी मोटरसायकल गतिरोधकावरून जाते आणि पुढे वीस फुटांपर्यंत वरखाली होत राहते. मेकॅनिक म्हणतो, ‘शॉकप बसले.’ विमानाच्या पायात जे टिकून आहे, तेच या गाडीतून निघून गेले आहे. मोटरसायकल ट्रॅकवर नेऊन वेगाने वळवायची असेल, तर ते नेमके काय आहे हे कळावे लागते. तिथे शॉकपला केवळ खड्डे सोसायचे नसतात, टायर जमिनीला चिकटवून ठेवायचा असतो.

बँकेच्या दारात दडलेला शॉकप

बँकेच्या किंवा एटीएमच्या काचेच्या दाराला वर एक लांबट डबी बसवलेली असते. दार ढकलून सोडले की ते धाडकन आपटत नाही, सावकाश येऊन मिटते. त्या डबीत एक स्प्रिंग असते आणि तेल असते. दार परत ओढण्याचे काम स्प्रिंगचे, त्याला आवर घालण्याचे काम तेलाचे. डबीच्या कडेला एक छोटा स्क्रू असतो. तो आवळला की तेलाची वाट अरुंद होते आणि दार हळू मिटते, सैल केला की लवकर मिटते. हा स्क्रू फिरवल्याने स्प्रिंगची ताकद रतीभरही बदलत नाही, बदलतो तो फक्त वेळ.

मोटरसायकलच्या शॉकपमध्ये हीच जोडी आहे. स्प्रिंग धक्का साठवते, तेल तो जिरवते. साठवलेला धक्का स्प्रिंग परत करतेच, तो तिचा स्वभाव आहे. तेल मात्र छोट्या छिद्रांतून ढकलले जाताना घासते, तापते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलून हवेत सोडते. तेलाच्या या आवर घालण्याला डॅम्पिंग म्हणतात. विमानाच्या पायात स्प्रिंगच्या जागी दाबून भरलेला नायट्रोजन असतो आणि खाली तेल. चाक टेकताच तेल छिद्रातून जोराने वर जाते. परत येताना त्याची वाट आणखी अरुंद केलेली असते, म्हणून विमान उसळत नाही.

नायट्रोजनची गरज मोटरसायकललाही पडते. तेल वेगाने घुसळले गेले की त्यात बुडबुडे होतात, आणि फेसाळलेले तेल छिद्रातून विनातक्रार निसटते. तेलावर वायूचा दाब ठेवला की फेस धरत नाही. पल्सरच्या मागच्या शॉकपवर ‘नायट्रॉक्स’ हे नाव अनेकांनी वाचलेले असते. त्याचा अर्थ एवढाच.

पुढच्या चाकाचा दुर्बिणीसारखा सरकणारा, तेलाचा आवर असलेला चिमटा उत्पादनातल्या गाड्यांवर पहिल्यांदा बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आणला. आज नाशिकच्या अंबडला गॅब्रिएल कंपनीच्या कारखान्यात दुचाकींचे शॉकप आणि चिमटे बनतात, तर वाळूजमधून पसरलेली एन्ड्युरन्स या व्यवसायातली दुसरी मोठी कंपनी. वस्तू इथली, घरोघरी असलेली. तिच्याशी बोलायची भाषा तेवढी फार थोड्यांनी शिकली आहे.

ट्रॅकवर वजन धावते

एक साधा हिशेब करून पाहू. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचे वजन सुमारे १६८ किलो. हेल्मेट, चामडी सूट, बूट यांसह चालक ८२ किलोंचा धरला तर एकूण २५० किलो. दोन चाकांमधले अंतर १.३६ मीटर. या साऱ्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे मानू. सपाट रस्त्यावर दोन्ही चाकांवर जवळपास सव्वाशे-सव्वाशे किलो येतात. आता सरळ पट्टीच्या शेवटी चालकाने टायर घसरू न देता शक्य तितका कडक ब्रेक दाबला. ११० किलो मागून पुढे धावतात. पुढच्या चाकावर २३५ किलो, मागच्यावर जेमतेम १५.

पुढचा चिमटा खोल दबतो. गाडीचे नाक खाली जाते, चिमटा अधिक उभा होतो आणि हँडल चपळ होते. वळणात शिरताना हे थोडे हवेच असते. पण फार झाले तर गाडी बुजऱ्या बैलासारखी अंग टाकते. मग गाडी ४५ अंशांत झुकते. आता वळणाचा रेटा आणि वजन यांची बेरीज होऊन २५० किलोंची गाडी सस्पेन्शनला साडेतीनशे किलोंसारखी जाणवते, तीही एकही खड्डा नसताना. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर पिळला की सगळे वजन उलट मागे येते, पुढचे चाक हलके होते आणि गाडी बाहेरच्या कडेकडे सरकू पाहते. हे सगळे चार-पाच सेकंदांत घडते, प्रत्येक वळणावर घडते.

कंपनीने गाडी अशा कामासाठी बेतलेली नसते. तिला एकटा चालक, मागे बसलेला मित्र, पावसाळ्यातले खड्डे, दिवाळीचे सामान असे सगळे सांभाळायचे असते. पंचावन्न किलोंची मुलगी आणि पंचाण्णव किलोंचा पहिलवान या दोघांना कंपनी एकच स्प्रिंग देते. म्हणून ट्रॅकसाठी गाडी ‘कडक’ करून घ्या, हा गॅरेजमधला नेहमीचा सल्ला अपुरा पडतो. किती दबावे हा एक प्रश्न आहे आणि किती वेळात दबावे व परतावे हा दुसरा. पहिला स्प्रिंगला विचारायचा, दुसरा तेलाला. या दोन प्रश्नांची सरमिसळ हीच शिकणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण असते.

आधी टेप, मग पाना

पहिली पायरी मोजण्याची आहे, आणि ती घराच्या अंगणात होते. स्वतःच्या वजनाने आणि चालकाच्या वजनाने गाडी किती खाली बसते, याला सॅग म्हणतात. चाक खड्ड्याच्या तळाशी पोहोचण्यासाठी खाली सरकू शकले पाहिजे. गाडी आधीच थोडी बसलेली असेल तरच त्याला तेवढी जागा मिळते. सॅग फार कमी असेल तर खोलगट जागी टायर हवेत राहतो. फार जास्त असेल तर ब्रेक मारण्याआधीच निम्मी चाल, म्हणजे दबण्यासाठी असलेले निम्मे अंतर, संपलेली असते.

सॅग बदलतो तो प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग बसवतानाच तिला किती दाबून ठेवले आहे त्याने. इथे एक गैरसमज खोल रुतला आहे. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक झाली, असे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. समजा, एक मिलिमीटर दबायला दोन किलो लागणारी स्प्रिंग आहे. ती दहा मिलिमीटर आधीच दाबून बसवली तर पहिले वीस किलो ती हलणारच नाही. त्यानंतर मात्र प्रत्येक मिलिमीटरला तिला दोनच किलो लागतील, आधी लागत होते तेवढेच. प्रीलोड म्हणजे पलंगाच्या पायाखाली ठेवलेली वीट. पलंग उंच होतो, गादी बदलत नाही.

मग स्प्रिंग चुकीची आहे हे कसे ओळखायचे? चालकासह सॅग बरोबर जमवला, पण चालक उतरताच गाडी पूर्ण वर येऊन टेकली, जराही बसली नाही, तर समजावे की मऊ स्प्रिंगला प्रीलोडने ताणून उभे केले आहे. चालकासह सॅग बरोबर असताना रिकामी गाडीही बरीच खाली बसत असेल, तर स्प्रिंग त्याच्यासाठी जास्त कडक आहे. दोन्ही वेळी उपाय एकच, स्प्रिंग बदलणे. पाना कितीही फिरवला तरी तिथे काम होत नाही.

चौकट : सॅग मोजताना

*तीन माणसे लागतात: एक बसणारा, एक गाडी धरणारा, एक मोजणारा. आधी चाक जमिनीपासून पूर्ण उचलून चिमट्याच्या चकचकीत नळीची उघडी लांबी मोजावी. मागे, चाकाच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत मोजावे. मग गाडी चाकांवर उभी करून मोजावे. शेवटी चालकाने ट्रॅकवरचा पूर्ण पोशाख घालून, ट्रॅकवरच्याच बैठकीत बसावे आणि पुन्हा मोजावे. पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा केला की चालकासह सॅग मिळतो. सील आणि नळीचे घर्षण आकडा फसवते, म्हणून एकदा गाडी खाली दाबून हळूच सोडावी, एकदा वर उचलून हळूच सोडावी आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी. ट्रॅकसाठी चालकासह सॅग एकूण चालीच्या पाव भागाच्या आसपास ठेवतात. १२० मिलिमीटर चालीच्या स्पोर्ट गाडीला पुढे ३० ते ३५ मिलिमीटर, मागे त्याहून थोडा कमी. रस्त्यासाठी याहून जास्त चालतो.*

श्वास सोडायला वेळ

दबलेली स्प्रिंग परत येताना तिला तेलाने घातलेला आवर म्हणजे रिबाउंड. प्रीलोड, कॉम्प्रेशन (म्हणजे दबतानाचा तेलाचा आवर) आणि रिबाउंड या तीन गोष्टींत सर्वांत जास्त फसवणारी ही आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे.

रिबाउंड अगदी सैल असेल तर काय होते ते सर्व्हिस रोडवरच्या त्या जुन्या गाडीने दाखवलेच आहे. ट्रॅकवर याचे रूप वेगळे असते. वळणाच्या तोंडाशी चालक ब्रेक सोडतो आणि दबलेला चिमटा उसळून वर येतो. नाक उचलले की गाडीला वळायचा कंटाळा येतो, ती ठरलेल्या रेषेच्या बाहेर जाते. चालकाला वाटते आपणच उशिरा वळलो.

उलट बाजू अधिक कपटी आहे. समजा रिबाउंड फार आवळला आहे आणि वळणात डांबरावर पाच बारीक लाटा ओळीने आहेत. पहिल्या लाटेवर शॉकप वीस मिलिमीटर दबला. परत यायला पुरेसा वेळ मिळाला नाही, पंधराच परतला, तेवढ्यात दुसरी लाट आली. पुन्हा वीस खाली, पंधरा वर. पाचव्या लाटेनंतर गाडी मूळ जागेपेक्षा पंचवीस मिलिमीटर खाली बसली आहे, आणि तिथे स्प्रिंग आधीच दाबलेली असल्याने प्रत्येक धक्का कठीण लागतो. पूर्ण श्वास सोडण्याआधीच पुढचा घ्यावा लागला तर माणसाची जी गत होते, तीच शॉकपची. चालक पिटमध्ये येऊन सांगतो, गाडी दगडासारखी कडक आहे, मऊ करा. मदतनीस भाबडेपणाने कॉम्प्रेशन सैल करतो. आता गाडी प्रत्येक लाटेवर आणखी खोल जाते आणि तक्रार वाढते. खरा उपाय रिबाउंडचा स्क्रू दोन क्लिक, म्हणजे दोन खाचा, सैल करण्याचा होता. शॉकप कडक नव्हता, थकलेला होता.

सुरुवातीची चाचणी उभ्या गाडीवर होते. सीट जोरात खाली दाबून सोडावी. गाडी एका दमात वर येऊन थांबली तर सुरुवात ठीक आहे. वर येऊन पुन्हा खाली गेली तर रिबाउंड सैल, आणि आळसावल्यासारखी रेंगाळत वर आली तर आवळलेला.

तेलाचा हट्ट आणि पातळ चकत्या

रंगपंचमीला पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर बोटाने जातो, एकदम रेटला तर तळहाताला कळ लागते. साध्या छिद्रातून तेल ढकलताना वेग दुप्पट केला तर विरोध सुमारे चौपट होतो. साध्या गाड्यांच्या चिमट्यात अशीच नुसती छिद्रे असतात. त्यामुळे ब्रेक मारताना, जिथे चिमटा संथपणे दबतो, तिथे विरोध कमी पडतो आणि गाडी नाक टाकते. उलट धारदार कडेवर, जिथे तो झटक्यात दबतो, तिथे विरोध इतका वाढतो की धक्का सरळ मनगटात येतो. एकाच चिमट्यात दोन दोष, आणि एक कमी करायला गेले की दुसरा वाढतो.

महागड्या शॉकपमध्ये यावर एक सुंदर तोड आहे. छिद्रांवर पोलादी, कागदासारख्या पातळ चकत्यांची चवड बसवतात. चकत्यांना शिम म्हणतात. तेल संथ आले तर त्या मिटून राहतात आणि तेलाला बाजूच्या बारीक वाटेने जावे लागते. तेल जोरात आले की त्या वाकतात आणि मोठी वाट मोकळी करतात. बाहेरून फिरवायचा क्लिक बहुतेक वेळा त्या बारीक वाटेतल्या सुईचा असतो. म्हणूनच सस्पेन्शनच्या भाषेत ‘लो-स्पीड’ आणि ‘हाय-स्पीड’ हे शब्द गाडीच्या वेगाबद्दल नसतात, शॉकपच्या दांड्याच्या वेगाबद्दल असतात. ताशी १५० वर मारलेला ब्रेक लो-स्पीड असू शकतो आणि ताशी ४० वर लागलेली दगडाची कड हाय-स्पीड. हा फरक ध्यानात आला की निम्मी पुस्तिका आपोआप उलगडते.

स्वीडनमधल्या ओहलिन्स कंपनीचा पाया १९७६ मध्ये घातला गेला आणि १९७८ मध्येच तिचे शॉकप लावलेल्या केटीएमवर सोव्हिएत रशियाच्या गेन्नादी मोइसेयेव्हने मोटोक्रॉसचे जागतिक विजेतेपद जिंकले. तेव्हा कारखान्यांच्या संघांपुरते असलेले ज्ञान आज चाकणच्या गाडीत आले आहे. ३९० ड्यूकच्या पुढच्या चिमट्यावर कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्हींचे पाच-पाच क्लिक मिळतात. होसूरला बनणाऱ्या अपाचे आरआर ३१० ला मागणीनुसार वीस-वीस क्लिकचा संच घेता येतो.

एका वेळी एकच

समजा, ओझरचा एक तरुण चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर निघाला आहे. महाराष्ट्रातल्या अनेक चालकांची मोटरसायकल शर्यतीची पहिली ओळख याच ३.७ किलोमीटरच्या, बारा वळणांच्या ट्रॅकवर किंवा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर होते. एवढ्या लांब गाडी नेल्यावर वीस मिनिटांची एकेक फेरी मोलाची असते.

त्याने निघण्याआधीच काही गोष्टी उरकायला हव्यात. हँडलच्या बॉलरेस सैल नाहीत ना, चिमट्याच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत नाही ना, चेन बेताची सैल आहे ना. यांपैकी एकही बिघडलेली असेल तर क्लिकची सगळी उत्तरे खोटी येतात. हवेचा दाबही तसाच. टायर स्वतः एक स्प्रिंग आहे आणि तापला की त्यातला दाब वाढतो, म्हणून प्रत्येक वेळी एकाच स्थितीत मोजायला हवे.

मग सुरुवातीची नोंद. स्क्रू घड्याळाच्या दिशेने अलगद, जोर न लावता, टेकेपर्यंत बंद करायचा आणि उघडताना क्लिक मोजायचे. ‘बंदपासून तीन’ असा आकडा वहीच्या पहिल्या पानावर उतरतो. विमानाच्या देखभालीत प्रत्येक बदल लिहून ठेवल्याशिवाय विमान सोडत नाहीत. ओझरच्या माणसाला ही शिस्त समजावून सांगावी लागू नये.

चिमट्याच्या सरकत्या नळीवर एक प्लास्टिकची झिप टाय बांधली की ती सर्वांत खोल दाब कुठवर गेला ते दाखवते. फेरीनंतर ती तळापासून थोडी जागा सोडून थांबली असेल तर चाल पुरेपूर वापरली गेली. तळाला टेकली असेल तर स्प्रिंग, तेलाची पातळी किंवा कॉम्प्रेशन यांचा विचार करायचा. अर्ध्यावरच थांबली असेल, तर चालकाने कडकपणाचे पैसे उगाच मोजले आहेत.

यानंतरचा नियम सोपा आणि पाळायला अवघड: एका फेरीला एकच बदल. रिबाउंड दोन क्लिक आवळला, तर प्रीलोडला हात लावायचा नाही. बदल चांगला वाटला तरी एकदा मागच्या आकड्यावर परत जाऊन खात्री करायची. दुपारी डांबर तापलेले असते, चालकाचा हात बसलेला असतो, आणि ते सुधारलेले सेकंद क्लिकचे आहेत की सरावाचे, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. नवख्याने एक प्रयोग जरूर करावा. पिटजवळच्या मोकळ्या जागेत, संथ वेगात, रिबाउंड एकदा पूर्ण उघडा आणि एकदा पूर्ण बंद करून गाडी चालवून पाहावी. दोन टोकांची चव अंगाला कळल्याशिवाय मधल्या दोन क्लिकचा फरक ओळखता येत नाही.

टायरच्या झिजेवरून सस्पेन्शन वाचणारे जाणकार पिटमध्ये हमखास भेटतात. ते कसब खरे आहे. पण टायरवरच्या त्याच खुणा चुकीच्या दाबानेही उमटतात, थंड टायरनेही. पहिल्या वर्षी वही, टेप आणि झिप टाय यांवर भरवसा ठेवलेला बरा.

क्लिक नसलेल्या गाडीचे काय?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना मागच्या प्रीलोडच्या पाच-सात खाचांपलीकडे काहीच फिरवता येत नाही. तरीही हात बांधलेले नसतात. चिमट्यातले तेल बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. इंजिनचे तेल लोक दिनदर्शिका पाहून बदलतात, चिमट्याचे तेल मात्र सील फुटेपर्यंत कोणी आठवत नाही, आणि तोवर त्याचे काळे पाणी झालेले असते. ताजे, थोडे दाट तेल घातले की दोन्ही बाजूंचा आवर वाढतो. तेलाची पातळी काही मिलिमीटर वाढवली की वरची कोंडलेली हवा कमी होते, आणि चालीच्या शेवटच्या भागात तीच हवा जास्तीच्या स्प्रिंगसारखी काम करते. ब्रेकमध्ये तळ गाठणाऱ्या गाडीला याने मोठा फरक पडतो. वजनाप्रमाणे पुढच्या स्प्रिंगा बदलणे ही त्यापुढची पायरी.

ट्रॅकवरून परतल्यावर ओझरच्या त्या तरुणाला आणखी एक काम असते. सपाट डांबरासाठी आवळलेली गाडी सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांवर टायर उचलते, आणि मागे आईला बसवून नाशिकला जायचे तर प्रीलोडही वेगळा लागतो. मग वहीचे पहिले पान उघडायचे, स्क्रू अलगद बंद करायचा आणि उघडताना पुन्हा मोजायचे: एक, दोन, तीन.